दोन ठिपके, एक्केचाळीस वेळा

सुराफेल टायपिंगच्या दुकानात शिरला तो दार आपटतच. इथियोपियाच्या पठारावरच्या देब्रे बिरहानमध्ये सकाळी वारा असा सुटतो, की दार माणसानं आपटलं का वाऱ्यानं ते सांगता येत नाही. पण मेस्तावतनं ते सरळ त्याच्याच नावावर टाकलं.

"दार काय तुझ्या बापाचं आहे?"

"दाराचं राहू दे. माझा प्रोग्राम मोडलास, त्याचं बोल." त्यानं वहीतून फाडलेला कागद तिच्या कीबोर्डवर आपटला. "एकशे तेवीस चुका! एकशे तेवीस! माझ्या अख्ख्या जन्मात मी तेवढ्या केल्या नसतील."

"तुझ्या तोंडाकडे बघून तसं वाटत नाही."

फोटोकॉपीच्या मशीनपाशी उभी असलेली दोन पोरं खिदळली. काउंटरमागं कॉफीचे दाणे निवडत बसलेल्या अस्कालेच बाईंनी मान वर केली. त्यांना सगळं कॉलेज 'एतेते' म्हणायचं, म्हणजे मोठी ताई. खरं तर त्या आता ताईच्या वयाच्या राहिल्या नव्हत्या, पण दुसरं काही म्हटलेलं त्यांना चालत नसे.

"काय झालं रे?" त्यांनी विचारलं.

सुराफेलचा आवाज लगेच खाली आला. "एतेते, मी सोमवारी प्रोग्राम टाईप करायला दिला होता ना, दवाखान्याच्या औषधांचा? काल लॅबमध्ये लावला. सुरूच होत नाही. उद्या दुपारी सरांना चालवून दाखवायचाय. नाही चालला तर विषय गेला, आणि विषय गेला की वर्ष गेलं."

"टाईप कुणी केला?"

"हिनं."

एतेतेंनी दाण्यांचं सूप बाजूला ठेवलं. मेस्तावतला ते सूप बाजूला ठेवणं कळत होतं. चार महिन्यांपूर्वी तिला फोटोकॉपीवरून उठवून टायपिंगच्या खुर्चीवर बसवलं, तेव्हाही त्यांनी ते असंच बाजूला ठेवलं होतं.

ती खुर्ची म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. मेस्तावतनं शाळा दहावीतच सोडली. फळ्यावरचं गणित चुकलंय असं तिनं सरांना भर वर्गात सांगितलं, सरांनी तिला गुडघ्यावर बसायला लावलं, आणि तिनं डस्टर फेकून मारलं. डस्टर सरांना लागलं नाही, भिंतीला लागलं, पण शाळेला तेवढं पुरलं. गणित चुकलेलंच होतं. पुढं वर्षभर ती घरात बसून सगळ्यांशी भांडली. मग फोटोकॉपी, मग ही खुर्ची. गावात अम्हारिक आणि इंग्रजी दोन्ही न बघता टाईप करणाऱ्या पाच-सहा बायका असतील, आणि सतरा वर्षांची त्यातली ती एकटीच.

"एमेबेत," एतेतेंनी हाक मारली. मागच्या खोलीतून त्यांची भाची बाहेर आली. ती वीस वर्षांची होती, हातात टायपिंगच्या क्लासचं सर्टिफिकेट, नखांना गुलाबी रंग. ती आठवडाभर याच हाकेची वाट बघत होती. "तू बस तिथं. आणि तू, मेस्ती, ऊठ. आपल्या दुकानाचं नाव कॉलेजात खराब झालं तर उद्यापासून गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाईल. आधी चूक शोध. चूक आपली निघाली, तर तू परत फोटोकॉपीवर. नाही निघाली, तर बघू."

"एतेते, पण मी..."

"पण नको. माझ्या हातून तीस वर्षांत एक कागद परत आला नाही."

मेस्तावत उठली. एमेबेत खुर्चीत बसली आणि खुर्ची आधी थोडी वर, मग थोडी खाली करून घेतली. मेस्तावतला वाटलं, हिची नखं कीबोर्डमध्ये अडकून तुटावीत. एकदा नाही, रोज.

तिनं कागद उचलला, काउंटरच्या टोकाशी स्टूल ओढलं आणि सुराफेलला समोर बसवलं.

"हे वाच आणि मला सांग, यात काय लिहिलंय."

"तुला कळणार नाही."

"तुला तरी कळलंय का? कळलं असतं तर इथं रडायला कशाला आला असतास?"

सुराफेलनं ओठ चावला. पोरगा वाईट नव्हता. कॉलेजात पाच-पाच जणांत एक कॉम्प्युटर, म्हणून सगळेच प्रोग्राम वहीत लिहायचे आणि इथून टाईप करून न्यायचे. त्यात सुराफेलच्या प्रोग्राममध्ये पडद्यावर दिसायचे शब्द सगळे अम्हारिकमध्ये होते. दवाखान्याच्या सिस्टर वोर्कनेशना इंग्रजी वाचायचा कंटाळा. अम्हारिक कीबोर्ड सुराफेलला येत नव्हता, कॉलेजात कुणालाच धड येत नव्हता.

"हे बघ," तो म्हणाला. "कम्पायलर म्हणून एक असतो. आपण लिहिलेलं वाचतो आणि मशीनला कळेल असं करून देतो. मी लॅबमध्ये त्याच्याकडे तुझी फाईल दिली. तर तो म्हणतो, ओळ एकतीस: भटकं अक्षर, नंबर तीनशे एक्केचाळीस. ओळ एकतीस: भटकं अक्षर, दोनशे पंधरा. ओळ एकतीस: भटकं अक्षर, दोनशे एक्केचाळीस. मग ओळ बत्तीस. परत तेच तीन. असं एकाहत्तरपर्यंत. खाली आणखी कायकाय होतं, पण मागच्यानं मला उठवलं. सर म्हणतात पहिल्या चुका आधी बघायच्या, खालच्या त्यांच्यामुळंच असतात."

"भटकं म्हणजे?"

"म्हणजे, जिथं त्याचं काही काम नाही असं. कुत्रं जसं लग्नात शिरतं."

"माझ्या टायपिंगमध्ये कुत्री नाहीत."

"मग एकशे तेवीस वेळा काय भुंकलं?"

तिनं कागदावर बोट ठेवलं. एकतीस ते एकाहत्तर. मनात मोजलं. एक्केचाळीस ओळी, आणि प्रत्येक ओळीला तेच तीन आकडे, त्याच क्रमानं. एक्केचाळीस गुणिले तीन, एकशे तेवीस.

"एकशे तेवीस चुका नाहीतच," ती म्हणाली. "चूक एकच आहे. एक्केचाळीस वेळा. एका चुकीला तो तीनदा ओरडतोय."

सुराफेलनं कागद तिच्याकडून ओढून घेतला आणि स्वतः मोजलं.

"त्या ओळींत आहे काय?" तिनं विचारलं. तिनंच टाईप केल्या होत्या, पण तिला काय त्यांचा अर्थ लागणार! टाईप करताना ती कागदावरच्या खुणा बघायची, अर्थ कधीच नाही.

"एक्केचाळीस औषधं. एकेका औषधाची एक ओळ. औषध शिल्लक असेल तर पडद्यावर 'अल्ले' यायला पाहिजे, आहे म्हणून. नसेल तर 'येल्लेम', नाही म्हणून."

"एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वेगळ्या लिहिल्यास?"

"हो. सर म्हणाले एका ओळीत झालं असतं. फिरवून-फिरवून तीच ओळ चालवता येते म्हणे. पण तो धडा झाला तेव्हा मला ताप होता."

"म्हणजे तुला ताप आला नसता तर तीनच चुका आल्या असत्या."

पहिल्यांदा सुराफेल हसला. हसला आणि लगेच लाईट गेली. फोटोकॉपीचं मशीन घरघरून थांबलं, एमेबेतच्या समोरचा पडदा काळा झाला, आणि मागच्या पोरांनी सवयीनं "हुर्रे" म्हणून ओरडून घेतलं.

एतेते म्हणाल्या, "दुपारशिवाय येत नाही आता," आणि सरळ कोळशाची शेगडी पेटवायला लागल्या.

सुराफेलनं डोकं धरलं. "लॅब पाचला बंद होते. उद्या सकाळी परीक्षेसाठी लॅब बंदच. आजच्याला नाही झालं तर..."

"रडू नकोस. फाईलचा छापील कागद आहे का?"

होता. सोमवारी तिनंच छापून दिला होता, चार पानं. तिनं ती दाराशी उजेडात नेली. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून एका बाजूला स्टेपलर ठेवला, दुसऱ्या बाजूला सुराफेलचा हात.

"मला एक सांग," ती म्हणाली. "हा जो तुझा कम्पायलर आहे, तो वाचतो कसा? म्हणजे तू काय लिहिलंयस हे कळून ओरडतो, का न कळता?"

"टप्पे असतात. परीक्षेत येतंच ते." सुराफेल पाठ म्हणायला लागला. "पहिल्या टप्प्यात तो नुसती अक्षरं वाचतो. एकामागून एक. त्यांचे शब्द पाडतो. हा आकडा, हे नाव, हा कंस. अर्थाशी त्याला काही देणंघेणं नसतं. ओळखीचं नाही असं अक्षर आलं, की तिथंच बोंब मारतो. अर्थ, वाक्य, बरोबर का चूक, ते सगळं पुढच्या टप्प्याला."

"म्हणजे माझ्यासारखा आहे. न समजता वाचतो."

"मी तसं म्हणालो नाही."

"मी म्हणतेय ना. मग हे भटकं अक्षर कुठल्या टप्प्यातलं?"

"पहिल्याच."

"मग तू रात्रभर वहीत काय शोधत बसला होतास?"

"माझं गणित. कुठं कंस राहिला का, कुठं उलटं झालं का..."

"अरे, तुझ्या गणितापर्यंत तो पोचलाच नाहीये! तो दारातच अडकलाय. ही बोंब काही राहिल्याची नाही, काहीतरी जास्तीचं आलंय. त्याच्या ओळखीचं नसलेलं एक अक्षर. एकतीसपासून एकाहत्तरपर्यंत, प्रत्येक ओळीत एकदा."

ती वाकून बघायला लागली. एकतिसावी ओळ: सुरुवातीला इंग्रजी, मग कंस, मग प्रश्नचिन्ह, मग अवतरणात 'अल्ले', मग दोन ठिपके, मग अवतरणात 'येल्लेम', मग कंस, मग शेवट. बत्तिसावी तशीच. तेहतिसावी तशीच. सगळ्या आवळ्याजावळ्या बहिणी.

मग ती मागच्या पानावर गेली. बाविसाव्या ओळीपासून पण दोन ठिपके होते, मेन्यूतल्या 'एक', 'दोन', 'तीन', 'चार' या आकड्यांच्या पुढं. त्या ओळींबद्दल कम्पायलर काही बोलला नव्हता. तिनं बावीस नंबरची ओळ आणि एकतीस नंबरची ओळ, दोन्ही पानं एकमेकांवर धरली. वाऱ्यानं कागद फडफडत होते. तिनं त्यांवर कोपर ठेवलं आणि नाक जवळजवळ कागदाला लावलं.

बाविसाव्या ओळीतले ठिपके बारीक होते, गोल. एकतिसाव्या ओळीतले चौकोनी होते, आणि केसभर जाड.

तिनं नाक कागदावरून उचललं.

ते ठिपके तिला माहीत होते. ते अम्हारिकचे ठिपके होते. जुनी माणसं अम्हारिक लिहिताना दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडत नाहीत, दोन ठिपके देतात. चर्चच्या पुस्तकांत तेच, सरकारी जुन्या कागदांत तेच. कीबोर्ड अम्हारिकवर असला, की इंग्रजीच्या ठिपक्यांच्या त्याच कळेवर ते येतात. माणसाला दोन्ही सारखेच दिसतात.

आणि एकतिसाव्या ओळीत काय झालं तेही तिला दिसलं. 'अल्ले' टाईप करायला तिनं कीबोर्ड अम्हारिकवर नेला. मग दोन ठिपके. मग 'येल्लेम'. मधल्या एका खुणेसाठी कीबोर्ड इंग्रजीवर न्यायचा आणि लगेच परत आणायचा? कुणी करत नाही. एतेतेंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: नजर कागदावर, बोटं कळांवर, आणि एका खुणेसाठी भाषा बदलायची नाही, त्यानंच वेळ जातो. पत्रात, अर्जात, प्रबंधात कुणाला त्यानं काही फरक पडला नव्हता. तीस वर्षं.

चूक आपली होती. तिची होती. एक्केचाळीस वेळा तिच्याच बोटानं.

"काय दिसलं?" सुराफेलनं विचारलं.

"काही नाही. थांब."

ती थांबली नाही, तिचं डोकं पळत होतं. सोपं आहे, ते म्हणत होतं. लाईट आली की फाईल उघडायची, एक्केचाळीस ठिपके बदलायचे. कुणाला दिसणार? पडद्यावर आधी जसे होते तसेच दिसतील. मग म्हणायचं, मी पाहिलं, फाईल बरोबर आहे, परत लावून बघ. हा लावेल, चालेल. हा म्हणेल, लॅबचंच मशीन बिघडलेलं होतं. एतेते म्हणतील, मी म्हणालेच होते. एमेबेत उठेल. खुर्ची परत.

तोवर एतेते पहिली कॉफी घेऊन आल्याच. दोन कप, सोबत मूठभर भाजलेले जव. सुराफेलला त्यांनी आपल्या हातानं कप दिला, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अरे, त्या लॅबमधली मशिनं कधीची आहेत? माझ्या लग्नाच्या आधीची असतील. त्यांचंच डोकं फिरलंय. जा आणि त्या लॅबवाल्याला चांगलं सुनाव."

"खरंय एतेते," सुराफेल म्हणाला. "तो माझ्यावर असाही डूख धरूनच आहे. जातो आणि सांगतो त्याला."

"सांग. आमच्या टायपिंगमध्ये चूक असणं शक्यच नाही."

आतून एमेबेत म्हणाली, "मावशी, चूक नाही तर मग ही खुर्ची..."

"तू गप बस."

सुराफेल कप तसाच ठेवून उठला. पोरगं आता भांडायला निघालं होतं, चुकीच्या माणसाशी, आणि तो लॅबवाला साधा गृहस्थ होता. मेस्तावतला माहीत होता, तिच्या आईकडून अंडी न्यायचा.

"बस खाली," ती ओरडली. एवढ्या जोरात, की वाऱ्यातसुद्धा रस्त्यावरचा गाढववाला वळून बघायला लागला. "मशीन बिघडलेलं नाही. चूक आमची आहे. चूक माझी आहे. आणि तुमची पण, एतेते!"

फोटोकॉपीपाशी उभी पोरं जवळ सरकली.

"माझी?" एतेते म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट होतं.

"तुम्हीच सांगितलंत ना, एका खुणेसाठी भाषा बदलायची नाही? मी नाही बदलली. 'अल्ले' आणि 'येल्लेम'च्या मध्ये मी अम्हारिकचे ठिपके मारले. त्याला इंग्रजीचे पाहिजे होते."

"ठिपके ते ठिपके. दोनाचे काय चार होतात?"

"तुमच्या-माझ्या डोळ्याला. त्याला नाही."

एतेतेंनी डोक्यावरची शाल मागं सारली आणि कागद हातात घेतले. लांब धरले, जवळ आणले, परत लांब. मग त्यांचं बोट तेराव्या ओळीवर थांबलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे काय आहे? सिस्टर वोर्कनेशचा मजकूर. 'देब्रे बिरहान, दवाखाना, औषधांची यादी.' दर शब्दाच्या मध्ये दोन ठिपके आहेत. जुन्या पद्धतीचं सुंदर लिहिते बाई. हे पण तूच अम्हारिकमध्ये टाईप केलंस. मग या ओळीला तुझं ते मशीन का ओरडलं नाही? हं? ठिपके चुकीचे असते तर तेराव्या ओळीला आधी ओरडलं असतं."

मेस्तावत कागदावर वाकली. तेराव्या ओळीतले ठिपके चौकोनीच होते. जाड. अगदी एकतिसाव्या ओळीसारखे. आणि सुराफेलच्या कागदावर तेरा नंबर नव्हता.

एतेते म्हणाल्या, "बघ. उगीच आपल्या तोंडाला काळं फासून घेऊ नये माणसानं. आणि दुसऱ्याच्या तर मुळीच."

मेस्तावतला हातातलं काहीतरी फेकावंसं वाटलं. स्टेपलर जवळ होता. तिनं हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसली. तेरावी ओळ. एकतिसावी ओळ. तेच ठिपके. एकाला बोंब, एकाला नाही. का? तिनं तेरावी ओळ डावीकडून उजवीकडे एक-एक अक्षर वाचली, कम्पायलर वाचेल तशी. इंग्रजी शब्द. दोन बाण. अवतरण सुरू. अम्हारिक, ठिपके, अम्हारिक, ठिपके, अम्हारिक. अवतरण बंद.

मग एकतिसावी. अवतरण सुरू. 'अल्ले'. अवतरण बंद. ठिपके. अवतरण सुरू.

"सुराफेल," ती म्हणाली. "अवतरणाच्या आत काय आहे, ते तो पहिल्या टप्प्यातला बघतो का?"

"आत? नाही. आत काय वाटेल ते असू दे. अवतरण उघडलं, की बंद होईपर्यंत सगळं तो गाठोडं समजून उचलतो." तो बोलता बोलता थांबला. "अगं आई."

"तेराव्या ओळीतले ठिपके गाठोड्याच्या आत आहेत. म्हणून गप्प. एकतिसाव्यातले दोन गाठोड्यांच्या मध्ये, उघड्यावर. म्हणून बोंब."

एतेतेंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "हे तुम्ही दोघांनी आत्ता जुळवलंत."

"लाईट येऊ दे," मेस्तावत म्हणाली. "दाखवते."

लाईट दोन वाजता आली. तोवर रिवाजाप्रमाणे कॉफीच्या तीनही फेऱ्या होऊन गेल्या होत्या, आणि सुराफेल रस्ता आणि दार यांच्यात शंभर फेऱ्या मारून आला होता. एमेबेत खुर्चीवरून उठली नाही, म्हणून मेस्तावतनं तिच्या खांद्यावरूनच हात घालून फाईल उघडली.

"नखं बाजूला घे. एतेते, या इकडे. ही शोधायची खिडकी. आता मी कीबोर्ड इंग्रजीवर ठेवते आणि दोन ठिपके मारते. मशीनला म्हणते, असे ठिपके कुठंकुठं आहेत, दाखव. तुम्ही एकतिसाव्या ओळीकडे बघा. तिथं ठिपके दिसतायत ना तुम्हाला?"

"दिसतायत. आंधळी आहे का मी?"

मेस्तावतनं कळ दाबली. बाविसाव्या ओळीतले ठिपके निळे झाले. परत दाबली. तेविसाव्या. चोविसाव्या. पंचविसाव्या. परत दाबली. मशीननं एकतिसावी ओळ ओलांडली, बत्तिसावी ओलांडली, सगळी एक्केचाळीस औषधं ओलांडली, आणि सांगितलं की बस, संपले.

एतेते पुढं वाकल्या. "परत कर."

तिनं परत केलं. परत तसंच.

"आता अम्हारिकचे मार."

मेस्तावतनं कीबोर्ड बदलला आणि अम्हारिकचे ठिपके मारले. पहिली कळ: तेरावी ओळ, सिस्टरचा मजकूर. त्याच ओळीत आणखी दोन-तीन. मग एकतीस. बत्तीस. तेहतीस. दर कळेला एक औषध निळं होत होतं, आणि एतेते ओठ हलवत मोजत होत्या. पंधरापर्यंत मोजलं आणि थांबल्या.

"पुरे," त्या म्हणाल्या.

सुराफेल म्हणाला, "एकदम सगळे बदलून टाक ना, एका फटक्यात होतात."

"म्हणजे सिस्टरचे पण बदलतील. तिचे बरोबर आहेत, तिचे तिच्यापाशी राहू दे." मेस्तावतनं एमेबेतकडे बघितलं. एमेबेतनं एतेतेंकडे बघितलं. एतेते पडद्याकडेच बघत होत्या, म्हणून मेस्तावतनं उभ्याउभ्याच काम केलं. कीबोर्ड इंग्रजीवर. एकतिसाव्या ओळीवर गेली, जुने ठिपके पुसले, नवे मारले. खाली. पुसले, मारले. खाली. सुराफेल मोठ्यानं मोजत होता आणि ती त्याच्या मोजण्याच्या पुढं पळत होती. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. पेन ड्राइव्ह काढून तिनं त्याच्या छातीवर आपटला.

"पळ."

तो पळाला. दार वाऱ्यानं आपटलं का त्यानं, कळलं नाही.

मग दुकानात नेहमीचं सुरू झालं. प्रवेशाचे फॉर्म, ओळखपत्रांच्या प्रती, एका म्हाताऱ्याचा जमिनीचा अर्ज. अर्ज एमेबेतकडे गेला. मेस्तावत फोटोकॉपीवर उभी राहिली, कुणी न सांगता. मशीन गरम होतं, तेवढंच बरं. एतेते सूप घेऊन परत दाणे निवडायला बसल्या. एकदा एका पोरानं विचारलं, "मेस्ती, तू परत इथं?" तर तिनं त्याच्या प्रती वेड्यावाकड्या काढून दिल्या.

पावणेपाचला सुराफेल आला. धापा टाकत, केस विस्कटलेले.

"सांग की," फोटोकॉपीपाशी उभं असलेलं एक पोर म्हणालं. आता सगळ्या रांगेला ही गोष्ट माहीत झाली होती.

"एकही भटकं नाही!" सुराफेल ओरडला. "एकही नाही! मग म्हणाला, बहात्तराव्या ओळीला एक कंस कमी आहे."

मेस्तावतनं मशीनचं झाकण आपटलं. "तो तुझ्या वहीत पण नाहीये. मी बघितलंय, शेवटच्या पानावर. तू लिहिलाच नाहीस. मी काय तुझे कंस घरून आणून घालू?"

"माहीत आहे, माहीत आहे. मीच घातला. मग चालला. सिस्टरचा मजकूर आला, सगळी औषधं आली. सगळ्यात पहिलं औषध, 'येल्लेम'. नाही म्हणून." तो हसला. "खरंच नाहीये ते दवाखान्यात. मी सकाळी विचारून आलो होतो."

त्यानं एतेतेंकडे बघितलं, मेस्तावतकडे बघितलं, आणि मान हलवली. मग म्हणाला, "लॅबवाल्याला मी काही बोललो नाही, एतेते," आणि गेला.

एमेबेतनं म्हाताऱ्याचा अर्ज छापला, कागद नीट केला. "मावशी, म्हणजे चूक आपलीच निघाली ना?"

"निघाली."

"मग तुम्ही म्हणाला होतात, चूक आपली निघाली तर ही फोटोकॉपीवर."

"म्हणाले होते." एतेतेंनी शाल परत डोक्यावर घेतली. मेस्तावत त्यांच्याकडे बघत नव्हती. ती कागदाचा गठ्ठा उगीचच झटकत होती, कडा जुळलेल्याच होत्या.

"चूक हिनं केली," एतेते म्हणाल्या. "जशी शिकवली तशी केली. मी केली असती तर मीही तशीच केली असती, आणि मला ती दिसलीच नसती. आजपर्यंत किती कागद असे गेले असतील देव जाणे." त्यांनी एमेबेतच्या हातातला अर्ज घेतला, लांब धरला, वाचला. "हा चांगला झालाय. अर्ज, पत्रं तू कर. मागच्या मशीनवर बस. ही खुर्ची सोड."

"पण मी चूक केलीच नाही!"

"नाही केलीस. आणि केली असतीस तर कुणाला कळलं असतं? ऊठ, बाळा."

एमेबेत उठली. खुर्ची तिनं फार खाली करून ठेवली होती, मुद्दाम की सवयीनं कुणास ठाऊक. मेस्तावतनं ती वर ओढली आणि बसली. तिला काहीतरी बोलायचं होतं, बरंच काही, आणि त्यातलं अर्धं तरी भांडणाचं होतं. ते तिनं गिळलं.

दारातून एक मुलगी आत आली, कॉलेजातली, अंगावर दोन स्वेटर. तिच्या हातात वही होती. "एतेते, प्रोग्राम टाईप करायचाय. सहा पानं आहेत, मध्ये मध्ये अम्हारिक आहे. अर्ध्या तासात होईल ना? नेहमी होतात."

एतेतेंनी मेस्तावतकडे बघितलं नाही. वही घेतली, पहिलं पान उघडलं, बोट फिरवत मधले ठिपके शोधले, आणि वही तिच्या पुढ्यात ठेवली.

"आजपासून नाही होणार अर्ध्या तासात," त्या म्हणाल्या. "प्रोग्रामला आता वेळ लागतो. उद्या सकाळी ये."

"उद्या? पलीकडच्या दुकानात लगेच करून देतात."

"मग पलीकडे जा."

मुलगी दारात उभी राहिली. बाहेर वारा, आत उबदार. तिनं थोडा विचार केला, मेस्तावतच्या बोटांकडे बघितलं, आणि वही तिथंच राहू दिली.

"किती वाजता येऊ?" तिनं विचारलं.